कवळीवाल्याच्या पायऱ्या

माणसाला दात दोनदा फुकट मिळतात, तिसऱ्यांदा हवे असतील तर माझ्याकडे यावं लागतं, असं कवळीवाला म्हणायचा. त्याचं नाव कुठल्या पाटीवर कधी आलं नाही. पाटी डॉक्टरीणबाईंची होती. बाई पुढच्या खोलीत लोकांच्या तोंडात डोकवायच्या आणि मागच्या खोलीत, गल्लीकडच्या खिडकीखाली, कवळीवाला त्या तोंडांची मापं घेऊन बसायचा. प्लास्टरमध्ये जबडा ओतायचा, मेणात हिरडी घडवायची, त्यात एकेक दात बसवायचा आणि मग गुलाबी भुकटी कालवून पक्की कवळी शिजवायची, हे त्याचं काम. खोलीला मेणाचा आणि त्या भुकटीतल्या औषधाचा उग्र वास होता, तोच त्याच्या शर्टालाही यायचा. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत, सगळे आ वासून.

तेव्हा तो पंचविशीत होता. आईवडील गेल्यावर तो आणि त्याची धाकटी बहीण असे दोघंच घरात उरले होते. धाकटी नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला होती. दोघांचं आयुष्य तसं सुरळीत आणि त्यामुळेच जरा अळणी चाललं होतं.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी जुनं कपाट आवरायला काढलं. त्यांचा पुतण्या परदेशातून आला होता, वर्षभर राहिला आणि परत गेला, जाताना एक खोकं विसरून. बाईंनी ते कवळीवाल्यापुढे ठेवलं. "बघ रे, यातलं काही तुझ्या कामाचं आहे का. नाहीतर रद्दीत टाकते."

खोक्यात चित्रविचित्र फासे होते. कुणाला चार बाजू, कुणाला आठ, एकाला तर चक्क वीस. कवळीवाल्यानं वीस बाजूंचा फासा उचलून दाढ तपासावी तसा बोटांत फिरवला, आणि तिथेच त्याचा जीव अडकला. खाली नियमांची एक जाड पुस्तिका होती. खेळ मोठा मजेचा होता. एकानं सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. सूत्रधार म्हणणार, समोर दार आहे, आतून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतोय, काय करता? ज्याला जे सुचेल ते त्यानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं, ते फासा सांगणार. खेळता खेळता पात्रं पायऱ्या चढतात. पहिल्या पायरीवरचा गडी कुत्र्यालाही भितो, विसाव्या पायरीवरचा डोंगर हलवतो.

एवढं कळलं, पण पुढे पंचाईत होती. त्या खोक्यानं केव्हातरी पाणी प्यायलं होतं. मधली पानं एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवायला गेलं की हातात लगदा यायचा. 'पात्रांनी पायरी केव्हा चढावी' एवढं मथळ्याचं शेपूट तेवढं शाबूत होतं. केव्हा, ते सांगणारी पानं गेली होती.

"त्यात काय एवढं," धाकटी म्हणाली, "तू ठरव. सूत्रधार तूच ना?"

आणि अशा रीतीनं, ज्या गोष्टीचा त्याला ओ की ठो कळत नव्हता, ती त्याच्या हातात आली.

खेळायला आणखी दोघं मिळाली. दवाखान्याचा फ्यूज वारंवार उडायचा, त्यामुळे एका वायरमनचं येणंजाणं होतं. एकदा तो फ्यूज बांधून झाल्यावर फासे बघत बसला आणि उठेचना. दुसरी समोरच्या इस्पितळातली नर्स. वडिलांची तुटलेली कवळी घेऊन आली होती. कवळी सांधेपर्यंत थांबायचं म्हणून टेबलाशी बसली, आणि कवळी वडिलांना नेऊन देऊन संध्याकाळच्या आत परत आली.

दवाखाना बंद असेल त्या दुपारी, आठवड्यातून एकदा, ही मंडळी मागच्या खोलीत जमू लागली. वायरमन योद्धा झाला. धाकटी झाली कुलपं उघडणारी चोरटी. नर्सला सगळ्यांनी सांगितलं, तू वैद्य हो, तुला सोपं जाईल.

"दिवसभर तेच करते," ती म्हणाली. "इथे येऊन पुन्हा जखमाच बांधू का? मी जादूगारीण होणार. मला काहीतरी पेटवायचंय."

कवळीवाल्यानं उरलेल्या प्लास्टरमधून तिघांच्या बाहुल्या ओतल्या, बोटाएवढ्या. ड्रॅगन मेणाचा केला आणि त्याच्या जबड्यात खरे कवळीचे दात बसवले, रंग न जुळल्यामुळे बाजूला पडलेले. त्यामुळे तो ड्रॅगन एखाद्या चहाबाज म्हाताऱ्यासारखा दिसायचा, पण लहान खिडकीतून येणाऱ्या उन्हात तो टेबलावर ठेवला की तिघंही खुर्च्या जरा मागे घेत.

पहिल्या खेपेला कवळीवाल्यानं पायऱ्या वाटल्या त्या लग्नघरातल्या आजोबांनी खाऊ वाटावा तशा. दर बैठकीला एक. सगळे खूश तर आपण खूश, असा त्याचा सरळ हिशेब. योद्ध्याला लोखंडी तलवार मिळाली, ती वापरून बघायच्या आत जादूची मिळाली, ती म्यानातून काढायच्या आत आगीची. नर्सची जादूगारीण आधी मेणबत्ती पेटवायची, मग झाड, मग अख्खं गाव. शत्रूही तसेच वाढवावे लागले. काल राक्षस होता म्हणून आज राक्षसांचा राजा, उद्या राजाचा आजा. नव्याचे नऊ दिवस सरले, आणि एका दुपारी कवळीवाला मोठ्या झोकात सांगत होता की आभाळ फाटलंय आणि त्यातून काळपुरुष खाली उतरतोय, तेव्हा वायरमननं जांभई दिली.

"उतरू दे," तो म्हणाला. "मारून टाकतो. चहा कुणी ठेवलाय का?"

काळपुरुष दोन फाशांत मेला. कुणी हसलं नाही, कुणी हळहळलं नाही. पुढच्या आठवड्यात वायरमनला काम निघालं, त्याच्या पुढच्या आठवड्यात नर्सला. खेळ भांडणानं मोडला नाही, अजीर्णानं मोडला.

कवळीवाल्याला ते फार लागलं. तो चार लोकांत बोलणारा माणूस नव्हता. त्या टेबलाशी मात्र त्याला वाचा फुटायची. कामावर असताना तो त्या काळपुरुषाचा विचार करायचा. एवढा मोठा केला होता, आणि कुणाला त्याची भीती का वाटली नाही? शेवटी धाकटीच एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, "दादा, मला माझी पहिली सुरी आठवते. नंतरचं काहीच आठवत नाही. तू आठवायला वेळच दिला नाहीस."

पात्रं पुन्हा पहिल्या पायरीवर आणून खेळ नव्यानं सुरू झाला. आता कवळीवाला सावध होता. त्यानं गुण ठेवले. एक राक्षस मारला की इतके गुण, कुलूप उघडलं की इतके, आणि अमुक गुण झाले की पायरी. न्यायाचं काम, कुणी बोट दाखवायला नको. पण माणूस मोठा चतुर प्राणी आहे. ज्याचे गुण मिळतात तेच तो करतो. महिन्याभरात वायरमनचा शूर योद्धा गटारात उतरून उंदीर मारू लागला, कारण उंदरालाही थोडे का होईना गुण होते. धाकटी स्वतःच्याच पेटीला कुलूप लावायची आणि उघडायची. एकदा तर वायरमननं वाटेवरच्या निरुपद्रवी खानावळवाल्यावरच तलवार उपसली.

"त्यानं काय केलंय तुझं?" नर्सनं विचारलं.

"काही नाही. पण मला थोडेच कमी पडतायत."

"मग उद्या मलाही मारशील," ती शांतपणे म्हणाली. "माझे किती गुण आहेत, बघून ठेव." तिनं आपली बाहुली उचलून पर्समध्ये ठेवली. "हा खेळ आहे की हजेरीपट? मी दिवसभर तक्ते भरते, इथेही तेच असेल तर घरी जाऊन झोपते."

गुण बंद झाले. पण पोळलेलं बोट आता दुसऱ्या टोकाला गेलं. कवळीवाला म्हणाला, पायरी मी सांगेन तेव्हा, आणि ती स्वस्त असणार नाही. आणि खरंच, तो सांगेचना. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, अजून नाही, अजून थोडं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, थंडी आली, तरी तिघं दुसऱ्याच पायरीवर. वायरमनचा योद्धा अजून लाकडी ढाल घेऊन हिंडत होता. त्याच सुमारास वायरमनची खऱ्या नोकरीतली बढती हुकली होती, हे त्यानं टेबलाशी कुणाला सांगितलं नव्हतं. एका दुपारी कोल्ह्यांच्या टोळीनं त्याची ती ढालही मोडली, आणि तो खुर्ची मागे सारून उठला.

"तिकडे साहेब म्हणतो अजून थोडं थांब," तो म्हणाला, "आणि इकडे तू. निदान इथे तरी कुणी मला वर घ्यायला हरकत नव्हती."

तो गेला आणि बरेच दिवस आला नाही. फ्यूज उडाला तेव्हासुद्धा त्यानं दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं.

उरल्या दोघीच, धाकटी आणि नर्स. दोघींच्या वाटेत तेव्हा एक बुरूज होता. त्याचं दार लोखंडी, आणि कुलूप असं की धाकटीच्या चोरटीला ते काही केल्या उघडेना. फासा टाकायची, चुकायचा. दोन बैठका तशाच गेल्या. कवळीवाल्याला वाटलं, सोडून देतील, दुसरीकडे वळतील. पण धाकटी हट्टाला पेटली होती. तिनं कचेरीतून आणलेल्या कागदावर बुरुजाचा नकाशा काढला, भोवतीची वस्ती काढली, आणि मग म्हणाली, "कुलूप राहू दे. या दारावरचा पहारेकरी जेवायला कुठे जातो?"

कवळीवाल्यानं तसा विचारच केला नव्हता. तो म्हणाला, "घरी. आईकडे."

मग त्या दोघी पहारेकऱ्याच्या आईकडे गेल्या. म्हातारी एकटी होती, बहिरी होती, आणि मुलगा बुरुजावर राहून राहून तुटक झालाय म्हणून कष्टी होती. दोघींनी तिचं छप्पर शाकारून दिलं. जादूगारणीनं तिची चूल पेटवून दिली, तिच्या सगळ्या जादूतली सर्वांत लहान जादू. दिवसामागून दिवस त्या तिच्याकडे जात राहिल्या, म्हणजे खेळातले दिवस, पण टेबलाशीही तेवढाच वेळ गेला. शेवटी म्हातारीनंच एक दिवस मुलाला हाताला धरून आणलं, आणि त्यानं स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं.

नर्सनं डोळे टिपले आणि प्लास्टरची धूळ गेली म्हणाली. कवळीवाल्याच्या तोंडून आपसूक निघालं, "तिसरी पायरी. दोघीही."

आणि ते बरोबर होतं. कुणी त्याला का म्हणून विचारलं नाही, तो नाही म्हणाला असता तरच विचारलं असतं. त्या दिवशी घरी जाताना त्याच्या डोक्यात स्वच्छ प्रकाश पडला. पायरी मोजून द्यायची नसते आणि दडवूनही ठेवायची नसते. टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या मनावरचं एखादं ओझं उतरतं, तिथे पायरी आपली आपणच येऊन उभी असते, सूत्रधारानं फक्त तिचं नाव घ्यायचं. पुढच्या काही बैठकांत त्याला त्यातला दुसरा अर्धा भागही सापडला. पायरी दिली की लगेच पुढचा डोंगर दाखवायचा नाही. नवं बळ आलंय, ते जरा मिरवू द्यायचं. काल ज्या कोल्ह्यांनी रडवलं, तेच आज पुन्हा समोर आणायचे आणि पळू द्यायचे. माणसाला आपण वाढलो हे कळायला आधीचंच काहीतरी लहान झालेलं दिसावं लागतं.

मग तो वायरमनच्या घरी गेला. माफी वगैरे मागणं दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "बुरूज उघडलाय. आत कुणीतरी धिप्पाड पाहिजे."

वायरमननं जरा वेळ खिडकीबाहेर बघितलं. "ढाल मोडलीय माझी."

"आत एक लटकलेली आहे," कवळीवाला म्हणाला. "पण तिच्याजवळ जायला दोन-तीन आठवडे लागतील."

"लागू देत," वायरमन म्हणाला.

त्यानंतरची वर्षं ही कवळीवाल्याच्या आयुष्यातली सोन्याची वर्षं. आताशा त्याला त्यांतले वार आणि महिने आठवत नाहीत, पायऱ्या आठवतात. चौथ्या पायरीवर असताना नर्सनं त्याला विचारलं की तू टेबल सोडून इतर ठिकाणीही बोलतोस का कधी, आणि त्यानं बोलून दाखवलं. पाचवी चढली तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी लग्नाची भेट म्हणून मागच्या खोलीत मोठा दिवा लावून दिला, आणि तो बसवायला अर्थातच वायरमन आला. सहाव्या पायरीच्या सुमाराला वायरमनला ती बढती मिळाली. त्याचा योद्धा त्या दिवशी हरला, तरी तो घरी शीळ घालत गेला. सातवीला फार वेळ लागला, कारण मुळात त्यांना कुठे जायचंच नव्हतं. एका बेटावर त्यांचं बस्तान बसलं होतं, धाकटीनं त्या बेटाचा इतका सुंदर नकाशा काढला होता की ते सोडून जायला कुणाचं मन होईना. कवळीवाल्यानंही ढकललं नाही. बाहेरून बघणाऱ्याला ही चार शहाणी माणसं दर आठवड्याला एका नसलेल्या बेटावर काय करतात, असा प्रश्न पडला असता. डॉक्टरीणबाईंना पडायचाच. त्या दारातून डोकावून विचारायच्या, "काय, पोचलात का?" आणि चौघंही एका सुरात म्हणायची, "नाही बाई." "बरं," म्हणून त्या दार ओढून घ्यायच्या.

नववी पायरी चढून झाली होती, तेव्हा धाकटीची बदली झाली. लांबच्या शहरात, वरच्या जागेवर, नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिनं ते जेवताना सांगितलं आणि पाण्याचा पेला उगाच पुन्हा भरला. नर्सनं तिला जवळ घेतलं. कवळीवाला म्हणाला, "छान झालं," आणि ते त्याला तितकंच छान वाटलं जितकं एखाद्याला स्वतःचा दात उपटताना वाटतं.

तिच्या जाण्याआधी हाताशी थोडे आठवडे होते. कवळीवाल्यानं मनाशी ठरवलं की गोष्ट शेवटाला न्यायची. ज्या डोंगराच्या मागे सगळी मंडळी इतकी वर्षं चालली होती, तो धाकटीनं चढलाच पाहिजे. आणि इतकी वर्षं ज्या घाईला त्यानं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, ती घाई आत आली. वाटेतलं रान त्यानं एका वाक्यात ओलांडलं. नदीवर आयता पूल आला. ज्या भुताटकीच्या किल्ल्याची त्यानं दोन वर्षं कुजबूज चालवली होती, तो एका दुपारी सर झाला, आणि तो लगेच म्हणाला, "दहावी पायरी. चला, पुढे."

वायरमननं आणि नर्सनं एकमेकांकडे बघितलं. धाकटीनं आपली बाहुली होती तिथेच ठेवली.

"मी नववीवरच राहते," ती म्हणाली.

"का?"

"दादा, तू मला पोचवायची घाई करतोयस."

"तू जातेयस ना. मध्येच कसं सोडणार?"

"मी बदलीवर जातेय, वर नाही." मग ती जरा मऊ झाली. "मला दहावी फुकट नको रे. ती मिळाली तर मला कायम आठवत राहील की मी जात होते म्हणून मिळाली. नववी माझी आहे. इथवर यायला आपण त्या बेटावर किती दिवस काढले."

कवळीवाला बराच वेळ मेणाचा एक तुकडा बोटांत मळत राहिला. त्याला राग आला होता, आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं, "मग शेवटच्या बैठकीला काय करायचं?"

"डोंगर राहू दे. आपण चौघं त्या नदीवर गेलोच नाही नीट. पूल आला आणि आपण पलीकडे. मला त्या नदीवर जायचंय."

तर शेवटच्या बैठकीत ती मंडळी नदीवर गेली. काही झालं नाही. कुणी हल्ला केला नाही, झाडीतून कुणी निघालं नाही. वायरमनच्या योद्ध्यानं मासे धरायचा प्रयत्न केला, आणि वीस बाजूंच्या फाशावर त्याला इतक्या वेळा एक पडला की शेवटी मासेच त्याच्याकडे कीव येऊन बघतायत, असं कवळीवाल्याला सांगावं लागलं. नर्सनं पाण्यावर लहान लहान ज्योती सोडल्या. धाकटीच्या चोरटीनं कधीतरी कुठूनतरी चोरलेली एक अंगठी काढून दाखवली, ती कुणाची ते तिला आठवेना, आणि ती परत कुणाला द्यायची यावर तासभर वाद रंगला. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत जबड्यांच्या फळीवर गेलं. वायरमन उठला तेव्हा म्हणाला, "आजच्याइतकं काही केव्हाच झालं नाही," आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पण कवळीवाल्याला कळलं. सगळ्या वर्षांतली कुठली दुपार परत मिळाली तर घेशील, असं कुणी विचारलं, तर तो आजही तीच मागेल.

धाकटी गेली. तिघांनी पुढे वर्षभर खेळ चालवला. डोंगरही चढले, तो चढण्यासारखाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. मग नर्सच्या इस्पितळातल्या पाळ्या बदलल्या, वायरमनच्या घरी जुळी मुलं झाली. एका आठवड्यात जमलं नाही, पुढच्याही जमलं नाही. खेळ कुणी थांबवला नाही, तो थांबला. आवडीच्या गोष्टी बहुधा अशाच जातात. शेवटची वेळ होती हे ती होऊन गेल्यावर कळतं.

डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या झाल्या, त्यांनी दवाखाना एका तरुण डॉक्टरला दिला. त्यानं मागच्या खोलीत एक यंत्र आणलं. रोग्याच्या तोंडात एक कांडी फिरवायची, पडद्यावर जबडा उमटतो, आणि यंत्र त्यावरून दात कोरून देतं. कवळीवाल्यानं यंत्र शिकून घेतलं, त्याच्याशी त्याचं वाकडं नव्हतं. फक्त खोलीत आता मेणाचा वास येत नाही हे पहिल्यांदा त्याला जाणवलं, तेव्हा तो दारातच उभा राहिला, कुठल्यातरी परक्या घरात आल्यासारखा. जबड्यांच्या फळ्या निघाल्या होत्या. भिंतीवर त्यांच्या जागी फिकट पट्टे उरले होते.

धाकटीची मुलगी शिकायला मामाच्या घरी आली तेव्हा कवळीवाला निवृत्तीला टेकला होता. पोरगी बोलण्यात आईच्या वरताण. कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर ती तोच खेळ खेळत होती, आणि तिथली सूत्रधार तीच. आईनं तिला लहानपणी नकाशे दाखवून दाखवून त्याचं वेड लावलं होतं. एका दुपारी त्यांच्यातलं कुणीतरी आजारी पडलं आणि भाची म्हणाली, "मामा, एक जागा रिकामी आहे. येतोस?"

"मी सूत्रधार असतो," कवळीवाला म्हणाला.

"इथे मी आहे. तुला खेळायला बोलावतेय."

तो इतकी वर्षं टेबलाच्या एकाच बाजूला बसला होता. दुसऱ्या बाजूला बसून काय वाटतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो गेला. तिच्या मैत्रिणींनी त्याला आजोबा न म्हणता मामाच म्हटलं, याचं त्याला बरं वाटलं. त्यानं आपलं पात्र एक म्हातारा वाटाड्या केलं, पहिल्या पायरीवरचा, आणि एकदा गेला तो जातच राहिला. आजारी मुलगी बरी होऊन आली तेव्हा एक खुर्ची वाढवावी लागली.

पायऱ्या द्यायला भाची मोठी चिक्कू होती. वाटाड्यानं एका चुकलेल्या कळपाला घाटातून खाली आणलं, कवळीवाल्यानं अपेक्षेनं भाचीकडे बघितलं, ती म्हणाली, "छान. मग?" दुसऱ्यांदा त्यानं दोन भांडखोर गावांत समेट घडवला. "छान. मग?" घरी येताना त्याला लहान मुलासारखं रुसायला झालं. त्यानं धाकटीला फोन लावला. "तुझी मुलगी मला पायरी देत नाही."

धाकटी इतकी हसली की तिला बोलता येईना. मग म्हणाली, "कसं वाटतंय?"

कवळीवाल्यानं जरा विचार केला. "वाईट वाटतंय," तो म्हणाला. "आणि पुढची बैठक केव्हा असं होतंय."

"हं," धाकटी म्हणाली.

ती पायरी आली थंडी सरता सरता. वाटाड्या धुक्यात सगळ्यांना घेऊन चालला होता आणि वाट हरवली होती. कवळीवाला म्हणाला, "मला वाट माहीत नाही. मी तसं सांगून टाकतो." मुली चपापल्या. वाटाड्यानं वाट माहीत नाही म्हणणं म्हणजे काय. मग सगळ्या मिळून थांबल्या, धुक्यात एकमेकींचे हात धरून रात्रभर बसल्या, आणि उजाडल्यावर खाली दरी दिसली, तेव्हा कळलं की आणखी चार पावलं टाकली असती तर कुणीच उरलं नसतं. भाचीनं त्याच्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मामा, दुसरी पायरी."

तो पायीच घरी आला. बस होती, पण त्याला चालावंसं वाटलं. दुकानांची दारं उघडी होती, फुटपाथवर कुणी सायकलचं चाक काढून बसलं होतं, कुणाच्या तरी खिडकीतून फोडणीचा वास येत होता. ही बातमी कुणाला सांगण्यासारखी नाही असं त्यानं स्वतःला दोनदा बजावलं. घरात नर्स खाटेवर बसून काहीतरी शोधत होती. तिचीही नोकरी आता संपली होती, पण घरात आणि नात्यात सगळे तिला अजून नर्सच म्हणत.

"मी दुसऱ्या पायरीवर गेलो," चपला काढायच्या आधीच तो म्हणाला.

तिनं वर बघितलं. या गोष्टीवर हसायचं नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. "अरे वा. मग आता तुला जास्तीचं काय येतं?"

"अंधारात थोडं लांबचं दिसतं."

"बरं झालं," ती म्हणाली. "मग आधी माझा चष्मा शोधून दे."